शॉवरच्या तळाची शोभा

गोशेन, इंडियाना
३ मार्च १९८६

प्रिय बर्निस,

माझं अक्षर पाहून तुम्ही आधी पाकीट उलटसुलट करून बघाल. तुमच्या बहिणीशी लग्न झाल्यापासून चौतीस वर्षांत मी तुम्हाला नाताळच्या कार्डाखाली सही करण्यापलीकडे काही लिहिलेलं नाही. पत्रं हे रेजिनाचं खातं. पण या वेळी काम माझं आहे, म्हणून मीच लिहितो.

चाकांवरच्या ट्रेलर-घरातल्या न्हाणीघरात उभं राहायला खाली जो चौकोनी तळ असतो, तो आमच्या कारखान्यात ओततात हे तुम्हाला ठाऊक आहे. आजवरचे सगळे तळ पांढरे आणि सपाट. या हिवाळ्यात एक नवीन झालाय. त्याच्यावर लाटा आहेत, चारी कडांकडून निघून पाणी जायच्या मधल्या जाळीकडे जाणाऱ्या. दोन गिऱ्हाइकांनी पाहिला आणि लगेच मागितला. गावाच्या पलीकडचा मोठा कारखाना आमचं काहीही उचलतो, म्हणून साउथ बेंडच्या वकिलाने डिझाइनचं पेटंट घ्यायला सांगितलं. त्यात लिहायचं एकच वाक्य असतं म्हणे: "शॉवरच्या तळाचे शोभिवंत डिझाइन, चित्रात दाखवल्याप्रमाणे." बाकी सगळा भार चित्रांवर. तुम्ही चाळीस वर्षं पेटंटची चित्रं काढलीत. ही काढून द्याल का? फोटो सोबत आहेत. फी काय ती कळवा.

रेजिना बरी आहे.

व्हर्लिन हॉस्टेटलर


मिलवॉकी
९ मार्च

व्हर्लिन,

'शोभिवंत' हा शब्द तुझ्या अक्षरात वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. तुमच्या मेनोनाइट पंथाच्या मंडळींत पडद्याला फुलं चालत नाहीत. माझ्या बहिणीने लग्नानंतर कानातले डूल काढून ठेवले ते कायमचे. आणि आता तुला शोभा सुचली ती कुठे, तर माणूस जिथे उभा राहून पायाचा मळ काढतो तिथे. नाकापेक्षा मोती जड हे ऐकलं होतं, टाचेपेक्षा मोती जड हे पहिल्यांदाच बघते आहे.

पण काळजी करू नकोस. मी बाटल्यांची बुचं काढली आहेत, मिशा विंचरायचे कंगवे काढले आहेत, एकदा तर कुत्र्याच्या शवपेटीचं शोभिवंत डिझाइन काढलं आहे. तुझ्या तळाने मला कमीपणा येणार नाही.

कायदा तुला कळलेला दिसत नाही, म्हणून सांगते. चित्रात सलग रेघ म्हणजे 'हे माझं'. तुटक रेघ म्हणजे 'हे इथे आहे, पण यावर माझा हक्क नाही'. तेव्हा तुझं काय आणि नाही काय, ते ठरवून कळव. दुसरं, शोभा म्हणजे नुसती शोभा. त्या लाटा केवळ उपयोगासाठी असतील तर पेटंट ऑफिस दार लावून घेतं. तिसरं, तुझे फोटो वाफेतून काढल्यासारखे धूसर आहेत. उजव्या कोपऱ्यात लाटा मध्येच तुटल्यात आणि तिथे कसलासा डाग दिसतो. तो काय आहे?

आता फी. मला डॉलर नकोत. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रेजिनाचं पत्र यायचं. नोव्हेंबरपासून एक ओळ नाही. माझी फी म्हणजे तिच्या हातचं एक पत्र. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात मी काही लागेलसं बोलले असेन तर तिने तसं लिहावं. रागाचं पत्र चालेल. 'बरी आहे' चालणार नाही, गाईच्या डॉक्टरलाही कोणी एवढं कमी सांगत नाही.

बर्निस गोरेकी


गोशेन
२० मार्च

प्रिय बर्निस,

मापं सोबतच्या कागदावर आहेत. कडा आणि जाळी कोणाच्याही तळाला असतात, त्या तुटक काढा. लाटा आमच्या. कोपऱ्यात आहे तो डाग नाही. तिथे आहे तसंच काढा.

फीबद्दल मी रेजिनाला सांगितलं. ती हसली. ती सध्या लिहीत नाही, एवढंच मला लिहिता येतं. आमच्यात खोटं बोलत नाहीत, म्हणून याहून जास्त लिहीत नाही.

व्हर्लिन


मिलवॉकी
१४ एप्रिल

व्हर्लिन,

सात चित्रं पाठवते आहे: वरून, खालून, चारी बाजूंनी आणि एक तिरकं. पोस्टमनच्या हातात देताना पुठ्ठ्याला घट्ट बांधली आहेत. वकिलाला म्हणावं, बोटं लावायच्या आधी हात धू.

महिनाभर तुझ्या लाटा काढते आहे आणि अजून मला कळलेलं नाही की माणसाने असं काही का करावं. डावीकडच्या लाटा उजवीकडच्यांशी जुळत नाहीत. जाळीजवळ येता येता त्या उगाच दाटतात, कडेला विरळ होतात. डोळे असलेल्या माणसाने काढलेलं हे डिझाइन नव्हे. कोणी हिशेबाने काढलं असतं तर सुंदर झालं असतं, चुकून झालं असतं तरी बरं दिसलं असतं. हे दोन्हीच्या मधलं आहे. आणि 'आमच्या लाटा' म्हणजे कोणाच्या? तू तर एकटाच अर्ज करतो आहेस.

कोपऱ्याचं मी माझ्या जबाबदारीवर केलं आहे. 'डाग नाही' म्हणतोस, पण मी भिंगातून पाहिलं. ओल्या प्लास्टरवर कुत्र्याने पाय दिल्यासारखे चार खळगे आहेत. तुझ्या कारखान्यात कुत्रं फिरतं हे पेटंट ऑफिसला कळवायची गरज नाही. मी ते काढून टाकलं आणि तुटलेल्या लाटा शेवटपर्यंत नेल्या. चारी कोपरे आता सारखे आहेत. आभार मानायची गरज नाही.

घरमालकाने जिन्याबरोबर माझ्या टेबलावरचाही दिवा बदलला आहे. मी स्वतः दोन बल्ब आणून बदलून पाहिले, दोन्ही मेणबत्तीच्या लायकीचे. शाईही पूर्वीसारखी काळी मिळत नाही. तरी रेघ बघ कशी आली आहे ती.

माझी फी अजून आलेली नाही.

बर्निस


गोशेन
२ मे

प्रिय बर्निस,

चित्रं पोचली. वकील म्हणाला, इतकं स्वच्छ काम त्याने बघितलेलं नाही. अर्ज गेला. कोपरा तुम्ही बुजवलात हे मी पाहिलं. वकील म्हणाला, असंच देखणं आहे, आता साचाही चित्राबरहुकूमच करा. मी गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं.

कागदावर शपथ लिहिली होती. आमच्यात शपथ घेत नाहीत, होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही. वकिलाने दुसरा कागद दिला, 'मी खरे सांगतो' असा. हे डिझाइन मी केलं, असं त्यावर होतं, आणि त्याखाली मी सही केली.

नवीन साच्यातला पहिला तळ आमच्याच घरात बसवतो आहे. आधी होता तो नमुना ओबडधोबड होता, कडा पायाला लागायच्या.

फी सोबत आहे. रेजिनाने सांगितलं, मी लिहिलं, सही तिची.

व्हर्लिन


मिलवॉकी
८ मे

व्हर्लिन,

फी परत पाठवते आहे. "इकडे सगळं ठीक, बाग लावली, तुझ्या गुडघ्याला जप." माझ्या बहिणीने आयुष्यात इतकं कंटाळवाणं वाक्य लिहिलेलं नाही. सही तिची असेल, पण ती डोंगर चढून कागदाबाहेर पडली आहे. शुद्धीत असलेलं माणूस अशी सही करत नाही.

आता स्पष्टच विचारते. ती पिते आहे का? नोव्हेंबरात तिने रश्श्याचं भांडं टेबलाच्या कडेबाहेर, सरळ हवेत ठेवलं. सगळ्यांच्या देखत ते पाद्र्याच्या मांडीवर गेलं. मी तेव्हा थट्टा केली. आता थट्टा वाटत नाही. की तुम्ही मंडळींनी तिला पत्र लिहायची बंदी केली आहे? काहीतरी आहे, आणि तू होय म्हणजे होय करत माझ्यापासून लपवतो आहेस. खोटं न बोलता लबाडी कशी करावी हे तुझ्याकडून शिकावं.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. मला एकच बहीण आहे. माझ्या दाराच्या चौकटीवर परवा कपाळ आपटून टेंगूळ आलं, आणि ते कोणाला लिहून सांगावं असं माझ्याकडे दुसरं कोणी नाही. चौकट बसवणाऱ्या सुताराला अक्कल नव्हती, हे ज्याला सांगायचं ते माणूस तू अडवून बसला आहेस.

बर्निस


गोशेन
३० जून

बर्निस,

सात आठवडे मी उत्तर दिलं नाही. रागात लिहायचं नव्हतं. राग गेलेला नाही, तेव्हा आता तसंच लिहितो. रेजिनाने काल मला वचनातून मोकळं केलं.

ती पीत नाही. तिला काचबिंदू आहे. तीन वर्षं झाली. आधी कडेचं दिसेनासं झालं, आता समोरचं भोकातून बघितल्यासारखं उरलं आहे, तेही उजेड असला तर. रश्श्याचं भांडं तिने टेबलावरच ठेवलं होतं, टेबल तिथे संपलं हे तिला दिसलं नाही. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "रेजी, दुपारपासूनच लागलीस का प्यायला?" ती सगळ्यांबरोबर हसली. त्या रात्री मला म्हणाली, काहीही कर, पण बर्निसला कळू देऊ नकोस. तिच्या ओळी एकमेकींवर चढतात. एकदा तुम्ही तिचं पत्र लाल पेन्सिलीने शुद्ध करून परत पाठवलं होतंत, ते ती विसरलेली नाही.

तळ मी केलेला नाही. तिने केला. जानेवारीत कारखान्यात येऊन ओल्या प्लास्टरवर तिने स्वतःच्या कंगव्याने लाटा ओढल्या, अनवाणी पायाने पुन्हा पुन्हा चाचपून. कोपऱ्यात अंगठ्याने ठसे दाबले. तिथे टाच ठेवली की नळ बरोबर हातासमोर येतो आणि दार पाठीमागे. ज्याला तुम्ही कुत्र्याचा पाय म्हणालात तो तिचा अंगठा होता.

नवीन तळ बसवला त्या दिवशी ती आत गेली आणि वीस मिनिटं पाणी वाहत राहिलं. मग तिने मला हाक मारली. चौतीस वर्षांत तिने मला न्हाणीघरात कधी बोलावलं नव्हतं. ती भिंतीला हात लावून उभी होती, पाणी गार झालं होतं, आणि दार कुठे आहे ते तिला कळत नव्हतं.

"इथलं कोणी पुसलं?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "बर्निसने."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली.

तेव्हापासून ती स्वयंपाकघरातल्या सिंकवर ओल्या फडक्याने अंग पुसते. मी तळ बदलून देतो म्हणालो तर नको म्हणते. म्हणते, ते एकच होतं जे मी केलं होतं, आता राहू दे.

मी अर्ज मागे घेतला. ज्याच्यावर 'खरे सांगतो' म्हणून सही केली ते खरं नव्हतं. वकील म्हणतो तिच्या नावाने नवा अर्ज करता येईल, पण त्याचा एक प्रश्न आहे: ते ठसे आणि लाटा शोभेसाठी आहेत की आंधळ्या माणसाला वाट कळावी म्हणून? वाट कळायलाच हे असंच लागत असेल तर पेटंट नाही. याचं उत्तर मी तिच्यासाठी देणार नाही, आणि ती देत नाही. चित्रं मी दुसऱ्या कोणाकडून काढून घेईन.

व्हर्लिन


मिलवॉकी
११ जुलै

रेजी,

हे पत्र व्हर्लिन तुला वाचून दाखवेल. व्हर्लिन, मधलं काही गाळू नकोस, होय म्हणजे होय.

मी तुझी मोठी बहीण आहे आणि आजवर मी फक्त एकच काम चोख केलं: तू केलेलं उसवून पुन्हा शिवणं. शाळेतल्या तुझ्या फ्रॉकची दुमड मी उसवायचे, कारण टाके वाकडे. तू केलेला केक मी दुसऱ्या ताटात काढायचे. तुझी पत्रं शुद्ध केली. तू लग्न केलंस तर नवराही मी शुद्ध करायला निघाले होते. आणि आता तुझ्या पायाखालची वाट पुसली, वर लिहिलं की आभार मानायची गरज नाही. मला स्वतःची इतकी शिसारी पूर्वी कधी आली नव्हती, आणि मी काही नाजूक बाई नाही हे तुला माहीत आहे.

सगळ्यांच्या देखत मी तुला दारुडी म्हणाले. ते मी परत घेऊ शकत नाही, कारण ते ऐकलेली माणसं तिथे आहेत. पण पुढच्या थँक्सगिव्हिंगला मी येऊन त्याच टेबलावर, त्याच पाद्र्यासमोर ते परत घेईन. त्यांना बिनधास्त चांगली पँट घालून यायला सांग.

चित्रं दुसऱ्या कोणाकडून काढायची नाहीत. मी तीन आठवड्यांचं काम आठवड्याभरात केलं आहे. कडा, जाळी, सगळं व्हर्लिनचं तुटक रेघेत. तुझं सगळं सलग रेघेत, लाटा जिथे दाटतात तिथे दाटलेल्या, जिथे जुळत नाहीत तिथे न जुळलेल्या, आणि कोपऱ्यात तुझे ठसे. एकही रेघ सरळ केलेली नाही. हात शिवशिवत होता, खोटं कशाला सांगू.

शाईची चित्रं वकिलासाठी आहेत. जाड कागदावरचं एक वेगळं आहे ते तुझं. आईचं कापड आखायचं दातेरी चाक आठवतं? ते मी रेघांवरून उलट बाजूने फिरवलं आहे. बोट फिरवलंस की लागेल. बल्ब इथले अजून तसेच दरिद्री आहेत, शेवटी खिडकीशी बसून केलं.

वकिलाच्या प्रश्नाचं उत्तर दे. पेटंट गेलं चुलीत, पण तुझं नाव त्या कागदावर यायला हवं. आणि त्या सिंकवर अंग पुसणं बंद कर. तुला सर्दी होते.

बर्निस


गोशेन
२४ ऑगस्ट

बर्नी,

ही तुझी फी. माझ्या हातची. व्हर्लिनने पुठ्ठ्यात ओळींइतक्या फटी कापून दिल्या आहेत, त्यातून लिहिते आहे. पाच दिवस लागले. लाल पेन्सिल हातात घेतलीस तर जाळून टाकेन.

तू कुत्र्याचा पाय म्हणालीस ते व्हर्लिनने मला एप्रिलमध्येच वाचून दाखवलं होतं, पुसल्याचं तेवढं गाळून. तो चिडला होता, मला हसू आलं. कुत्रं मीच.

तू परत घेशील ते घे. मी माफ केलं असं आत्ता लिहीत नाही. टेबलावर बघू.

जुना तळ व्हर्लिनने परत बसवला. कडा पायाला लागतात, लागू देत. मी रोज आंघोळ करते, दार लावून.

आता वकिलाचं. मी त्याला कळवलं. दार सापडायला चिकटपट्टीचा एक तुकडा पुरला असता. नळ हाताने सापडतो. मला लाटांची गरज नव्हती. या घरात एके काळी मी पडदे निवडले, बश्या निवडल्या, त्या आता मला दिसत नाहीत. सुंदर असं काही माझ्यासाठी उरलंच नव्हतं. म्हणून केलं. जाळीजवळ लाटा दाटतात तिथे पाय ठेवला की बरं वाटतं, मुद्दाम उभी राहते. ठसेही तीन पुरले असते. पाच केले, कारण पाच छान लागतात. वकिलाला लिहिलं, शोभाच आहे, ज्याच्यासाठी केली त्याला पुरती दिसते. व्हर्लिनने वाचलं आणि म्हणाला, हे खरं आहे. त्यावर माझं नाव घातलं. अर्ज गेला.

पण जायच्या आधी एक दुरुस्ती करावी लागली, बर्नी, आणि ती तुझ्या चित्रात.

तुझ्या चाकाच्या चित्रावर मी बोट फिरवलं. लाटा सगळ्या बरोबर. कोपऱ्यात ठसे चार. दोनदा मोजले. मग व्हर्लिनकडून शाईच्या चित्रात मोजून घेतले, तिथेही चार, सातांपैकी ज्या ज्या चित्रात दिसतात त्या सगळ्यांत. फोटोत पाच आहेत. अगदी कडेचा राहिला. एप्रिलमध्येही तू भिंगातून बघून चार लिहिले होतेस. चाळीस वर्षांत तू एक रेघ चुकली नाहीस.

मग मी व्हर्लिनला तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचायला लावली. फोटो धूसर. शाई फिकी. दाराची चौकट. दोन बल्ब बदललेस.

आईसुद्धा शेवटी भिंतींना शिव्या द्यायची, आठवतं? आपण हसायचो.

मी सात बल्ब बदलले होते, बर्नी. मग डॉक्टरकडे गेले. तोवर उशीर झाला होता. तुला अजून चार दिसतात. उद्याच जा. घरमालकाला नंतर शिव्या दे.

आणि थँक्सगिव्हिंगची वाट बघू नकोस, आधीच ये. बूट-मोजे दाराशी काढ. मी तुला कोपरा दाखवते.

रेजिना